संत डिम्फ्ना: गुण न आलेल्यांना घरात घेणाऱ्या गावाची कुमारी हुतात्मा

आंबेमोहर
(धागाकर्ती)

युरोपातल्या मध्ययुगीन संतांबद्दल बरंच वाचत असते. त्यात सगळ्यात जास्त जीव गुंतला तो बेल्जियममधल्या गील गावच्या संत डिम्फ्नात. इथल्या जाणकारांशी बोलावं म्हणून हा धागा काढतेय.

आधी कथा सांगते. आयर्लंडमधला एक छोटा राजा. तो जुन्या दैवतांना मानणारा, राणी ख्रिस्ती. मुलगी डिम्फ्ना आईच्या वळणावर गेलेली. लहानपणीच तिने बाप्तिस्मा घेतला आणि आजन्म कुमारी राहायचं व्रतही घेतलं. पुढे राणी वारली आणि राजाच्या डोक्यावर परिणाम झाला. दरबाऱ्यांनी दुसऱ्या लग्नाचं सुचवलं, तर त्याचं एकच म्हणणं: राणीसारखी दिसणारीच हवी. माणसं चहूकडे हिंडून आली, तशी कुणी मिळेना. आईचं रूप घेऊन जन्मलेली एकच बाई होती, ती त्याची स्वतःची मुलगी.

डिम्फ्ना पळाली. बरोबर म्हातारे धर्मगुरू गेरेबर्नुस, दरबारचा विदूषक आणि विदूषकाची बायको. समुद्र ओलांडून सगळे अँटवर्पला उतरले आणि तिथून केम्पेनच्या रेताड, झुडपांनी भरलेल्या मुलखात गीलला आले. तिथे संत मार्टिनच्या नावाचं एक लहानसं चॅपेल होतं, त्याच्या जवळ राहू लागले. राजाच्या माणसांना माग लागला तो नाण्यांवरून. वेस्टर्लोजवळच्या खानावळीत त्यांनी पैसे चुकते केले, तेव्हा असली परदेशी नाणी आपल्याकडे आधीच आली आहेत, जवळपास राहणाऱ्या एका परक्या मुलीकडून, असं तिथून कळलं. राजा आला. परत चल म्हणाला. तिने नकार दिला. गेरेबर्नुसना शिपायांनी मारलं, पण राजकन्येवर हात उचलायला एकही शिपाई तयार होईना. तेव्हा बापानेच तलवार उपसून तिचं डोकं उडवलं. परंपरा सांगते की ती तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि काळ सातव्या शतकातला.

आता इतिहास. हे चरित्र लिहिलं गेलं तेराव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे घटनेनंतर सुमारे ६०० वर्षांनी. कांब्रेच्या बिशपांच्या सांगण्यावरून पेत्रुस नावाच्या तिथल्याच एका धर्माधिकाऱ्याने ते लॅटिनमध्ये उतरवलं, आणि आधार लोकांच्या तोंडी चालत आलेल्या कथेचा आहे हे त्याने लपवलेलं नाही. गीलमध्ये पांढऱ्या दगडाच्या दोन शवपेट्यांचे तुकडे सापडले होते. हा दगड त्या भागातला नव्हे, म्हणून पेट्या देवदूतांनी घडवल्या असं लोक म्हणू लागले. तिच्या नावाची अक्षरं कोरलेला तांबडा तुकडाही जपून ठेवला आहे. कागदोपत्री पुरावा म्हणावा असं त्यापलीकडे फार काही हाती येत नाही.

हे सगळं ठाऊक असूनही मी डिम्फ्नापाशी थांबले, त्याला कारण पुढे गीलमध्ये जे घडलं ते. भ्रमिष्ट, झपाटलेली, घरच्यांना न आवरणारी माणसं तिच्या अवशेषांपाशी आणली जाऊ लागली. १३४९ मध्ये मोठं चर्च बांधायला घेतलं. पंधराव्या शतकात चर्चला लागूनच रुग्णांसाठी एक जागा बांधली. तिथे राहून नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, करायचा आणि अवशेषपेटीच्या खालून गुडघ्यांवर रांगत जायचं. आजाऱ्याला ते जमण्यासारखं नसेल तर त्याच्या वतीने दुसरं कुणीतरी रांगायचं.

नऊ दिवस संपले की ज्यांना गुण आला ते आपापल्या गावी गेले. ज्यांना आला नाही, त्यांना कुठे ठेवायचं? जागा अपुरी पडायला लागली तशी आसपासच्या शेतकऱ्यांनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं. कुणी पुढच्या नोव्हेनापर्यंत राहिलं, कुणी कायमचं. ही रीत गेली सहाएकशे वर्षं चालू आहे, आजही. मला वाटतं डिम्फ्नाचा खरा महिमा गुण न आलेल्या या माणसांमुळे वाढला. चमत्कारांच्या याद्या कुठल्याही तीर्थक्षेत्री मिळतात. चमत्कार झाला नाही त्यानंतर गावाने काय करायचं, याचं उत्तर गीलने शोधलं.

---

पाणकावळा

छान लिहिलंय. एक शंका. वेडा झाला तो बाप. ही तर पूर्ण शुद्धीवर होती, तिथे शुद्धीवर असलेली तीच एक. मग मनोरुग्णांची संत ती कशी?

---

आंबेमोहर

पाणकावळा, मलाही आधी हेच कोडं पडलं होतं. मध्ययुगीन समजुतीप्रमाणे राजाच्या अंगात सैतान शिरला होता. बापाच्या तोंडून बोलणाऱ्या त्या सैतानाला डिम्फ्नाने मान दिली नाही, जीव गेला तरी दिली नाही. म्हणजे ती त्याला पुरून उरली. तेव्हा दुसऱ्या कुणाच्या अंगातला सैतानही तिच्यापुढे टिकणार नाही, असा तो विचार. तिच्या मूर्ती आणि चित्रं पाहा. हातात तलवार आणि पायाशी साखळीने बांधलेला सैतान. बहुतेक हुतात्म्यांच्या हातात मरणाचं हत्यार असतं, तशी ही तलवार तिच्या बापाची आहे.

---

वसईचा पाऊस

आमच्या घरी आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात हिचं चित्र असलेलं एक कार्ड होतं, परदेशातून कुणीतरी पाठवलेलं. माझी एक मावशी बरीच वर्षं आजारी होती. तिच्यासाठी आजी नोव्हेना करायची. वसईत सणाआधीचे नऊ दिवस सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले असतात, त्यामुळे गीलचे नऊ दिवस वाचताना परकं काही वाटलं नाही. मावशीला गुण आला असं नाही म्हणता येणार, पण आजीने तिला घरातून कुठे हलवू दिलं नाही, आणि त्या कार्डाचा आजीला मोठा आधार होता.

अमेरिकेत ओहायो राज्यात मॅसिलन इथे हिचं राष्ट्रीय तीर्थस्थान आहे. तिथून प्रार्थनापत्रकं जगभर जातात.

मला विचारायचंय ते असं की, इतका कमी पुरावा असताना चर्च हिला अधिकृतपणे मानतं का? की हळूच बाजूला केलंय?

---

मांडवीकाठ

वसईचा पाऊस, बाजूला केलेलं नाही. रोमच्या अधिकृत हुतात्मा-यादीत ती आहे. परंपरेने सण १५ मे, आणि २००४ च्या आवृत्तीत तो ३० मे या तारखेला धरलाय. गीलमध्ये मे महिना तिचाच असतो.

आम्हा गोंयकारांना असाच प्रश्न सांता कातारिनाबद्दल विचारतात. पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कने गोवा जिंकला तो २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे तिच्या सणाच्या दिवशी, म्हणून जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल तिच्या नावाने उभं आहे. ही सांता कातारिना म्हणजे अलेक्झांड्रियाची कॅथरीन, मध्ययुगातल्या सर्वांत लोकप्रिय कुमारी हुतात्म्यांपैकी एक. ५० विद्वानांना वादात हरवलं, काटेरी चाक तिच्या स्पर्शाने मोडलं, शेवटी शिरच्छेद. १९६९ मध्ये ऐतिहासिक पुराव्याअभावी तिचं नाव सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढलं आणि २००२ मध्ये ऐच्छिक स्मरणदिन म्हणून परत घेतलं. मधली तेहतीस वर्षं से कॅथेड्रलमधला मुख्य वेदीवरचा तिच्या आयुष्याचा सोनेरी पट होता तिथेच होता आणि माणसं त्याच्यासमोर गुडघे टेकत होती.

---

रानजाई

माझा आक्षेप आहे, आणि तो मनापासून मांडतेय. या सगळ्या कुमारी हुतात्म्यांच्या कथांमध्ये मुलगी मेल्याशिवाय तिला मान नाही. आग्नेस, आगाथा, लुसी, बार्बारा. डिम्फ्नाच्या बाबतीत तर गुन्हा सरळ आहे: बाप मुलीवर हात टाकायला निघाला. त्याला 'कौमार्याचं रक्षण' असं गोंडस नाव देऊन आपण काय साधतो? ती जिवंत राहिली असती आणि बापाने तिच्यावर जबरदस्ती केली असती, तर तिच्या नावाने चर्च बांधलं असतं का?

---

आंबेमोहर

रानजाई, नसतं बांधलं. मध्ययुगाच्या हिशेबात तिचा मान व्रताशी बांधलेला होता, हे मान्यच करायला हवं.

तरी या कथेत दोन गोष्टी मला वेगळ्या वाटतात. आग्नेस किंवा लुसीला छळणारे बाहेरचे आहेत, नाकारलेला वर किंवा रोमन अधिकारी. बार्बाराला बापच मारतो, पण तिच्या धर्मासाठी. डिम्फ्नाच्या कथेत धोका घराच्या आत आहे, आणि तो कशाचा आहे हे कथा स्पष्ट बोलते. राजाने बायको मेल्यावर मुलीशीच लग्न करू पाहणं आणि मुलीने पळून जाणं, ही युरोपभर सांगितली जाणारी लोककथा आहे. संतचरित्रांची कठोर छाननी करणाऱ्या बोलांडिस्ट परंपरेतल्या येझुइट धर्मगुरूंनीही डिम्फ्नाचं चरित्र त्याच लोककथेवर बेतलंय असंच म्हटलंय. लोककथेत ती मुलगी वेष पालटून निसटते आणि शेवटी तिचं चांगल्या घरी लग्न होतं. चरित्रकाराने तो शेवट घेतला नाही.

दुसरी गोष्ट, पळून जाणं हे चरित्रात कुठेही पाप ठरत नाही. बापाची आज्ञा मोडून, रात्रीतून, परक्या देशात निघून जाणारी मुलगी तिथे निर्दोष आहे, आणि तिला साथ देणारे विदूषक नवराबायकोही. आज घरातल्या लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या आणि घर सोडून पळालेल्या कितीतरी जणी तिचा धावा करतात, आणि चर्चही तिला त्यांची आश्रयदाती मानतं. त्या तिच्याकडे व्रतासाठी येत नाहीत.

---

रानजाई

विदूषकाच्या बायकोचं लक्षात नव्हतं आलं. पटलं.

---

लिफीवरून

मी डब्लिनला असतो. आयर्लंडमधली बाजू सांगतो. उत्तरेकडे मोनाहन परगण्यात टायडाव्हनेट नावाचं गाव आहे, ते संत डाव्हनेटच्या नावाचं. ही आणि डिम्फ्ना एकच, असं बरेच भाविक मानतात. अभ्यासकांना ते पटत नाही, कारण डाव्हनेट ही तिथेच मठ चालवणारी बाई, हुतात्मा वगैरे नाही. तिची म्हणून मानलेली काठी डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या काठीवर हात ठेवून शपथ घ्यायची पद्धत होती, खोटं बोलणाऱ्याला ती सोडत नाही अशी समजूत.

मोनाहनमध्ये १८६९ साली मनोरुग्णालय सुरू झालं, पुढे त्याला नाव मिळालं सेंट डाव्हनेट्स. दोन्ही संत एक असोत वा नसोत, आजारी माणसांसाठी लोकांनी त्यांना एकच धरलं.

---

उंबरठा

मी निवृत्त समाजसेवा अधीक्षक. नोकरीचा मोठा काळ एका सरकारी मनोरुग्णालयात गेला. हा धागा वाचून झोप उडाली म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्याकडचं सर्वांत अवघड काम औषध देण्याचं कधीच नव्हतं. माणूस बरा झाल्यावर त्याला घरी सोडणं, हे अवघड. डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांची सही झालेली असते, पिशवी भरलेली असते, आणि दिलेल्या पत्त्यावर पत्र पाठवलं की 'या नावाचे कोणी येथे राहत नाही' म्हणून परत येतं. भाऊ फोन उचलत नाहीत. जमिनीच्या वाटणीतून नाव गेलेलं असतं. एक बाई दर सोमवारी ऑफिसच्या दाराशी येऊन विचारायच्या, 'मॅडम, आमच्याकडनं काही आलं का?' त्यांना बरं होऊन कित्येक वर्षं झाली होती.

म्हणून मला गीलमध्ये रस आहे, पण भाबडेपणाने नको. दोन गोष्टी विचारते. पहिली, तिथे साखळ्या होत्या की नाही? आपल्याकडे तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडाने बांधलेली २८ माणसं जळून गेली. तीही संताच्या पायाशी गुण यावा म्हणूनच आणलेली होती. श्रद्धेची जागा आहे म्हणून माणूस सुरक्षित असतो असं नाही. दुसरी, शेतकऱ्याने घरात घेतलेला माणूस हा पाहुणा होता की फुकटचा गडी?

---

शेल्डचं पाणी

अँटवर्पजवळ राहतो, गील रेल्वेने जवळच आहे. उंबरठाताई, तुमच्या प्रश्नांना जमेल तशी उत्तरं देतो.

साखळ्या होत्या. अंगावर येणाऱ्या किंवा पळून जाणाऱ्या रुग्णांना पायात बेड्या घालत, एकोणिसाव्या शतकापर्यंत. गीलचे लोकही ते लपवत नाहीत. फरक पडला तो देखरेखीने. अठराव्या शतकापर्यंत व्यवस्था चर्चच्या धर्माधिकाऱ्यांकडे होती, मग फ्रेंच राज्यक्रांतीत चर्च बंद पडलं. पण लोकांनी आपापल्या घरातली माणसं बाहेर काढली नाहीत. उलट १८०३ मध्ये ब्रुसेल्सच्या फ्रेंच प्रशासकाने तिथल्या कोंडवाड्यासारख्या जागेतले मनोरुग्ण गीललाच पाठवले. १८२१ मध्ये पॅरिसचे नामवंत मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल स्वतः येऊन पाहून गेले. १८५० च्या बेल्जियन कायद्यानंतर सगळं सरकारच्या आणि डॉक्टरांच्या हाताखाली आलं, तपासणी सुरू झाली आणि बेड्या हळूहळू गेल्या. व्हिन्सेंट व्हान गॉगच्या वडिलांनी १८८० च्या सुमारास त्याला गीललाच ठेवायचा विचार केला होता, एवढं ते नाव सगळीकडे माहीत झालं होतं.

गड्याचा प्रश्न खराच आहे. शेतावर हात हवे होते आणि बोर्डर (तिथे रुग्ण म्हणत नाहीत) राबायचे. घराला मानधनही मिळायचं, आजही मिळतं, फार मोठं नाही. काही घरांनी गैरफायदा घेतला असणारच. पण बोर्डर त्याच टेबलावर जेवायचा, चर्चमध्ये त्याच बाकावर मिस्सेला (प्रार्थनाविधीला) बसायचा, आणि म्हातारे मालक गेले की घराबरोबर त्याची जबाबदारी मुलाकडे किंवा मुलीकडे यायची. अशी कितीतरी माणसं एकाच घरात पन्नास-पन्नास वर्षं राहिली आहेत. घरच्यांना रोगाचं नाव सांगितलं जात नाही, हा तिथला जुना दंडक. समोरचा माणूस कसा आहे ते त्याच्याबरोबर राहूनच कळू दे.

१९७० च्या दशकात एक अमेरिकन संशोधक मुलगी गीलमध्ये राहिली होती. तिने पुढे सांगितलेला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एका घरातला बोर्डर रोज शर्टाची सगळी बटणं पिळून पिळून तोडायचा. घरातली बाई रोज संध्याकाळी ती पुन्हा शिवायची. मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवा, म्हणजे तुटणार नाहीत, असं या मुलीने सुचवलं. त्या बाईला ते मुळीच रुचलं नाही. बटणं तोडणं ही त्याची गरज आहे, तोडल्याने त्याला बरं वाटतं, मग न तुटणारी कशाला लावायची, असं तिचं म्हणणं.

चर्चमध्ये जाल तर उजेड असताना जा. १५१५ चा तिच्या आयुष्याचा कोरीव लाकडी वेदीपट तिथे आहे, यान व्हान वाव्हरच्या हातचा, आणि लहान लहान आकृत्या नीट बघायला वेळ लागतो. होस्विन व्हान डर वेडनने, म्हणजे प्रसिद्ध चित्रकार रोगियर व्हान डर वेडनच्या नातवाने, टोंगर्लोच्या मठासाठी साधारण १५०५ मध्ये तिची चित्रमालिका रंगवली. तिचे ८ पैकी ७ फलक उरले आहेत. ते आता एका खासगी प्रतिष्ठानाकडे आहेत, अलीकडेच दुरुस्त केले. गेरेबर्नुसचे अवशेष मात्र गीलमध्ये नाहीत. ते ऱ्हाइनकाठच्या लोकांनी पळवून नेले अशी कथा आहे, आणि जर्मनीत झोन्सबेकला त्यांची भक्ती चालते.

---

उंबरठा

बटणांचं वाचून थांबले. आमच्याकडे वॉर्डात बटणं ठेवायचोच नाही, नाड्या असायच्या.

आता आकडे सांगाल का? आज तिथे किती घरं हे करतात?

---

शेल्डचं पाणी

सर्वांत जास्त बोर्डर १९३८ मध्ये होते, ३,७०० हून अधिक. तेव्हाचं गील पाहता गल्लीगल्लीत, जवळजवळ दर चारपाच माणसांमागे एक. गेल्या दशकात अडीचशेच्या आसपास उरले होते आणि त्यानंतर आणखी घटले. शेती यंत्रावर गेली, बायका नोकरीला लागल्या, घरं लहान झाली, नवी औषधं आली आणि बरेच जण स्वतंत्र राहू लागले. यातलं सगळंच वाईट नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गीलच्या या परंपरेची अमूर्त वारसा जपण्याच्या उत्तम पद्धतींच्या यादीत नोंद केली. दर पाच वर्षांनी डिम्फ्नाची मोठी मिरवणूक निघते, त्यात गावकरी आणि बोर्डर दोघेही असतात.

---

पाणकावळा

संतावरची श्रद्धा कमी झाली तशी घरंही कमी झाली, असं म्हणता येईल का?

---

शेल्डचं पाणी

मला नाही वाटत. मी ज्या घरी गेलो होतो तिथले आजोबा फारसे चर्चला जात नव्हते. त्यांच्या घरी बोर्डर होता कारण त्यांच्या आईकडे होता आणि आजीकडेही होता. मुलं लहानपणापासून ते पाहत वाढली की भीती वाटत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. डिम्फ्नाची मूर्ती मात्र दिवाणखान्यात होती.

---

आंबेमोहर

उंबरठाताई, तुमच्या अनुभवावर वेगळा धागा काढाल का? चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेच्या 'होम अगेन' प्रकल्पात दीर्घकाळ रुग्णालयात अडकलेली चारपाच माणसं साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात, मदतीला एक कार्यकर्ती असते. ते काम महाराष्ट्रातही सुरू झालंय असं वाचलं. तुम्हाला जवळून माहीत असेल.

---

उंबरठा

माहीत आहे, लिहीन. आधी शेल्डच्या पाण्याला एक विचारते. बोर्डरचा आजार उसळला तर रात्री-अपरात्री त्या घरातल्यांनी काय करायचं? आमच्याकडे नातेवाईक नेमके याच धास्तीने हात आखडता घेतात.

---

शेल्डचं पाणी

प्रत्येक घराला गीलच्या मनोरुग्णालयातली ठरलेली नर्स जोडलेली असते, ती नियमित येते आणि घरातले सगळे तिला नावाने ओळखतात. अडचण आली की आधी तिला फोन. फारच बिघडलं तर बोर्डरला काही दिवस रुग्णालयात नेतात. तेवढे दिवस त्याची खोली दुसऱ्या कुणाला देत नाहीत. उतार पडला की तो परत त्याच घरी येतो.